बिनधारीच्या दोन तलवारी

टोमॅटोसुद्धा कापला गेला नसता अशा दोन तलवारींवरून सिंगापूरच्या क्लेमेंटीतल्या त्या घरात रोज सकाळी भांडण व्हायचं. भांडणारे दोघंही सत्तरीला टेकलेले. भांडण आमच्या दारात सुरू व्हायचं आणि खालच्या कॉफीशॉपमध्ये, साखर नसलेल्या काळ्या कॉफीवर, दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब व्हायचं. घरात खरी धार असलेली वस्तू एकच होती, काकूंची विळी. तिच्यावरून मात्र कधी कुणी भांडलं नाही.

मी त्या घरात एका खोलीची भाडेकरू. विद्यापीठ बसच्या टप्प्यात आणि घरमालक मराठी, एवढं पाहून मी खोली घेतली होती. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘शांत, शाकाहारी, वाचनाची आवड असल्यास उत्तम.’ घरमालकांना तलवारीचं वेड आहे हे लिहिलेलं नव्हतं. वाचनाची अट काकूंची होती, हे मला नंतर कळलं. वाचणारं माणूस निदान मुकाट्याने ऐकून घेतं, असा त्यांचा अंदाज होता. तो खरा ठरला.

काका मूळचे इचलकरंजीचे. वडिलांचे माग होते. काकांनी मात्र लोखंड धरलं आणि सगळी नोकरी जुरोंग आयलंडवरच्या तेलकारखान्यांत काढली. काम एकच, झीज मोजण्याचं. बाहेरून रंग दिलेला, चकचकीत पाइप आतून किती झिजला आहे, हे त्याला यंत्र टेकवून सांगायचं. त्या नोकरीतून त्यांनी पेन्शनपेक्षा एक वाक्य जास्त जपून आणलं होतं. “झीज ही लाजायची गोष्ट नाही, प्रोफेसर. न मोजणं ही लाजायची गोष्ट.” मी प्रोफेसर नव्हते, साधी संशोधक होते. पण काकांच्या मते चष्मा आणि अबोला एवढ्या भांडवलावर माणूस प्रोफेसर होतो.

निवृत्त झाल्यावर कंपनीची बस आता आपल्यासाठी येणार नाही, हे त्यांच्या पायांना बरेच दिवस कळलं नाही. पहाटे उठून, बूट घालून ते खाली उतरायचे आणि बसथांब्यावरून परत यायचे. एक दिवस परत येण्याऐवजी कालव्याच्या बाजूने गेले. तिथे पाचसहा चिनी म्हातारे-म्हाताऱ्या सरळ, बारीक, लाल गोंड्यांच्या तलवारी घेऊन इतक्या हळू फिरत होत्या की काकांना आधी वाटलं, कुणाची तरी तब्येत बिघडली आहे. मग ते तिथेच बसून राहिले. पुढच्या आठवड्यात त्या गटात एक इचलकरंजीकर होता.

“आपल्याकडचा मर्दानी खेळ सोडून हे चिनी कसलं?” असं पुण्याहून आलेल्या त्यांच्या साडूंनी एकदा विचारलं. काकांनी शांतपणे उत्तर दिलं, “दांडपट्ट्याचं पातं सरळ. मराठ्यांची धोप तलवार सरळ. मी चिनी शिकत नाही, आपलंच विसरलेलं आठवतो आहे.” साडू इतिहासाचे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी जेवायला किती वेळ आहे ते विचारलं.

पुढे तलवार ही तलवार राहिली नाही. काकांनी जगाची दोन भागांत वाटणी करून टाकली, सरळ आणि वाकडं. ऑडिटर सरळ, घरांचे एजंट वाकडे. भाकरी सरळ, नूडल वाकडी. चकली वाकडी असूनही प्रामाणिक, हा अपवाद. माझ्याबद्दल त्यांचं मत होतं, “तू सरळ आहेस गं, पण म्यानातून बाहेर येत नाहीस.” काकूंना कुठल्या गटात घालायचं हे त्यांनी कधी जाहीर केलं नाही, आणि काकूंनीही विचारलं नाही. एकदाच त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, माझी विळी वाकडी आहे. तुमच्या सरळ तलवारीने नारळ खरवडून दाखवा, उद्यापासून मी तुमच्या पार्टीत.” काकांनी वर्तमानपत्र वर धरलं.

वाकड्या पक्षाचे नेते आमच्याच मजल्यावर राहत. ते चिनी गृहस्थ, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेले. गंमत अशी की चिनी तलवारीचा अभिमान इचलकरंजीच्या माणसाला, आणि हे चिनी मास्तर जपानी तलवारीचे भक्त. दर शनिवारी एका जपानी गुरूच्या वर्गात जाऊन ते तलवार उपसायचे आणि परत म्यानात घालायचे. वर्षानुवर्षं तेवढंच. काकांनी त्यांचं नाव ‘मिस्टर वाकडे’ ठेवलं होतं. त्याचा अर्थ त्यांना सांगितल्यावर त्यांना ते इतकं आवडलं की आमच्या घरी फोन केला की ते म्हणायचे, “वाकडे हिअर.” काकांना ते ‘मिस्टर सरळ’ म्हणत. दोघं बोलायचे इंग्रजीतच. मी ते मराठीत लिहिते आहे, पण वाकडे अंकलचा ‘लाह’ तसाच ठेवते. त्याला मराठीत शब्द नाही. जवळचा म्हणजे ‘रे बाबा’, पण त्यात तो हात झटकणं येत नाही.

“तुमची तलवार सरळच घडवतात,” काका म्हणायचे. “मी वाचलंय. लाल करून पाण्यात बुडवली की घाबरून वाकते.”

“घाबरून नाही लाह. धार कडक होते, पाठ मऊ राहते, म्हणून वाकते. वाकते म्हणून तुटत नाही.”

“माणसंही हेच कारण सांगतात.”

“जपानी लोक आधी तुमचीच सरळ तलवार वापरायचे, मिस्टर सरळ. चीनमधून घेतली. मग सुधारली.”

“सुधारली? एक धार काढून टाकली! आमच्या तलवारीला दोन्हीकडे धार. कशीही धरा, कशीही ठेवा. उलटं-सुलटं हा प्रकारच नाही.”

“दोन्हीकडे धार, आणि टोमॅटो कापत नाही.”

“तुमची कापते?”

मग दोघं लिफ्टकडे निघायचे.

आता या भांडणात एक विचित्र गोष्ट होती. वाकडे अंकलची जपानी तलवार आमच्या घरात राहायची. कारण त्यांची आई. ती नव्वदीच्या पुढे होती, मुलासोबत राहत होती, आणि तिच्या लहानपणी या बेटावर जपान्यांचा अंमल होता. त्या काळात तिचा थोरला भाऊ गेला, तो परत आला नाही. जपानी तलवार तिने एकदाच पाहिली होती, पण पुरेशी पाहिली होती. मुलगा शनिवारी कुठे जातो हे तिला माहीत होतं की नाही, कुणी सांगू शकत नाही. तलवार मात्र तिच्या छपराखाली येणार नव्हती. तेव्हा अंकलनी एका सकाळी ती, तिच्या लाकडी घडवंचीसकट, आमच्या दारात आणली आणि काकांना विचारलं, “ठेवाल?”

काका म्हणाले, “शत्रूचं हत्यार आहे. ठेवायलाच पाहिजे.”

अशी ती आमच्या टीव्हीच्या खाली राहायला आली. अंकल रोज सकाळी येऊन तिला सरावाला न्यायचे आणि परत आणून ठेवायचे. वर खिळ्याला काकांची सरळ तलवार, गोंडा लोंबता. खाली घडवंचीवर ही. अंकलनी तेव्हाच बजावून सांगितलं होतं, हिची धार नेहमी वर ठेवायची. तशी ठेवली की तलवार छोट्या पुलासारखी दिसते. खाली धार केली तर होडीसारखी. “होडी रॉंग,” अंकल म्हणाले. “पूल बरोबर.” काकांनी हे ऐकलं आणि नियम म्हणजे अशक्तपणा अशा अर्थाची मान हलवली. सरळ तलवारवाल्याच्या अंगात उलटं-सुलटं मुरतच नाही.

खंडेनवमीला काका इचलकरंजीतल्या मागांची आठवण काढून हत्यारांची पूजा मांडायचे. पाटावर आपली तलवार, झीज मोजायचं जुनं यंत्र, माझा लॅपटॉप, काकूंची विळी, आणि कडेला ही पाहुणी. अंकल त्या सकाळी पांदान नावाच्या पानाच्या सुवासाचे हिरवे कुए घेऊन यायचे, म्हणजे तांदळाच्या मऊ वड्या, आणि आपल्या तलवारीच्या म्यानाला कुंकू लागताना गणिताचा पेपर तपासावा तसे लक्ष देऊन बघायचे. “विळीला कुंकवाचं सगळ्यात मोठं बोट का?” असं त्यांनी एकदा विचारलं. काकू म्हणाल्या, “टेल हिम, ओन्ली शी इज वर्किंग.”

काकांचा उजवा हात केव्हा थरथरायला लागला ते मला नक्की आठवत नाही. आधी कपबशी वाजायला लागली. मग त्यांनी बशी घेणं बंद केलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि हे वाढत जाणार असंही सांगितलं. काकूंनी मला ते भाजी निवडताना सांगितलं, आणि लगेच, “तू ऐकलं नाहीस,” असंही सांगितलं.

कपात थरथर लपवता येते. सरळ तलवारीत नाही. ती एका हाताची, हलकी, आणि सगळा जीव टोकात. मनगटात केसाएवढं काही हललं तर टोकाला ते वीतभर दिसतं, आणि तो लाल गोंडा तर चहाडखोरच. हे मला काकांनीच शिकवलं होतं. ‘आमच्या तलवारीत खोटं चालत नाही’ हे सांगताना. आता ते कालव्यावर गटाच्या मागच्या रांगेत उभे राहायला लागले. मग गोंडा काढून टाकला. “उगीच मध्ये येतो,” म्हणाले. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या पाइपांची झीज कागदावर मांडली, तो स्वतःच्या मनगटावर रंग देत होता. गटातल्या म्हाताऱ्यांना ते दिसत नसेल असं नाही. पण तिथे सगळेच झिजलेले होते, म्हणून कुणी बघत नव्हतं. काकांना धास्ती एकाच माणसाची होती. वाकडे अंकलना कळलं तर भांडण संपेल. आजारी माणसाशी कोण भांडतं? त्याला बरं वाटेल असं बोलतात, आणि ते काकांना मरणाहून वाईट वाटत होतं. एकदा ते सहज बोलल्यासारखं म्हणालेच, “कीव आली की माणूस वादात हरायला लागतो, प्रोफेसर. तसं जिंकण्यात काय आहे?”

एका दुपारी मला अंगात कणकण होती म्हणून मी लवकर परतले. दार उघडलं. दिवाणखान्याचे पडदे ओढलेले. काका मधोमध उभे, पाठ माझ्याकडे, आणि दोन्ही हातांत अंकलची जपानी तलवार. ती त्यांनी हळूच डोक्यावर नेली आणि खाली आणली. मी टोकाकडे पाहिलं. दोन हातांच्या मुठीत, खाली येणाऱ्या त्या वजनात, थरथर कुठेतरी विरघळून जात होती. टोक स्थिर होतं. त्यांनी ते परत केलं, आणि परत केलं. माणूस हरवलेली वस्तू खिशात सापडल्यावर ती पुन्हापुन्हा चाचपतो तसं.

मी दार हळूच लावून खाली गेले, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकच्या बाकावर बसले, आणि चाव्यांचा जमेल तेवढा आवाज करत परत आले. काका वर्तमानपत्र वाचत होते. तलवार घडवंचीवर होती. होडी करून ठेवलेली.

दुसऱ्या सकाळी अंकल आले. तलवार उचलायला वाकले आणि थांबले. माझा चहाचा कप ओठांशी तसाच राहिला. अंकलनी होडीकडे पाहिलं. वर खिळ्यावरच्या सरळ तलवारीकडे पाहिलं, जिचा गोंडा आता नव्हता. मग होडी हातात घेतली आणि दारात बूट घालणाऱ्या काकांना म्हणाले, “मिस्टर सरळ, तुमच्या तलवारीत एक मोठा दोष आहे.”

“बोला.”

“सगळं उजव्या हातावर. उजवा हात राजा. आमच्यात डावा हात मालक. उजवा नुसता सोबतीला, वाट दाखवायला. उजव्याने जोर लावला तर आमचे गुरू ओरडतात.”

“म्हणजे दोन हात लावून एकाला रिकामा बसवायचा? याला बेकारी म्हणतात!”

“बेकारी नाही लाह. रिटायरमेंट.”

काका मोठ्याने हसले. त्या दुपारी, मला वाटतं, त्यांनी डावा हात मालक करून पाहिला असणार. कारण त्यापुढच्या सकाळी अंकलनी नवा दोष काढला. सरळ तलवारवाले मान ताठ ठेवतात, श्वास धरतात. आमच्यात खाली आणताना श्वास सोडतात. काकांनी त्याचीही टर उडवली. मग पाय किती अंतरावर. मग मूठ पिळायची कशी, ओलं फडकं पिळतात तशी. रोज एक दोष, रोज एक टर, आणि रोज सकाळी घडवंचीवर होडी. अंकल ती उचलायचे आणि सरावाहून आल्यावर पूल करून ठेवायचे. मला कित्येक दिवसांनी उमगलं की हे भांडण नाही, हा वर्ग चालू आहे. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला कुणाला न कळता शिकवणं जमतं. काकांना ते कळलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. ते वाद मात्र आधीपेक्षा जास्त लांबवायला लागले होते, आणि मधेच विचारायचे, “समजा, नुसतं समजा, गुडघा दुखत असेल तर तुमचे वाकडे लोक काय करतात?”

मी काकूंना एकदा म्हटलं, “काकू, दुपारी काका...”

“मला काय दिसत नाही?” काकू म्हणाल्या. “दिवाणखान्यात तलवार फिरवतात आणि मला कळणार नाही? पंख्याचं पातं कुणी वाकवलं मग? रोज पडदे ओढतात, मी रोज आत जाऊन झोपते. झोप येत नाही तरी झोपते. तू ऐकलं नाहीस.”

मग अंकलची आई गेली. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे खाली व्हॉइड डेकमध्ये मांडव घातला होता, रात्रंदिवस माणसं, टेबलांवर शेंगदाणे आणि अशुभ लागू नये म्हणून जाताना न्यायचे लाल दोरे. आम्ही तिघं जाऊन बसून आलो. वर येताना लिफ्टमध्ये त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता. मला वाटलं, त्यांना म्हातारीचं वाईट वाटतंय. ते होतंच. पण घरात आल्यावर ते चप्पल न काढता टीव्हीसमोर उभे राहिले आणि घडवंचीकडे बघत म्हणाले, “आता ही जाणार.”

सगळे विधी आटोपल्यावर अंकल आले. काकांनी त्यांना बसूही दिलं नाही. भरभर बोलले, “आता आईची अडचण राहिली नाही. घेऊन जा तुमची वाकडी. आमची जागा अडली आहे केव्हाची.” उजवा हात खिशात होता, आणि खिसा हलत होता.

अंकलनी त्या खिशाकडे पाहिलं नाही. इतकं कसोशीने न पाहणं मी फार थोड्या माणसांत पाहिलं आहे. ते म्हणाले, “नाही नेता येणार. घरात आईचा फोटो लावलाय. फोटोला दिसतं लाह.”

“फोटोला?”

“आईचा फोटो आहे. तिला सगळं दिसतं.”

“बरं,” काका म्हणाले. “राहू द्या मग. अडगळ तर अडगळ.” आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, लग्नघरात ओरडावं तसे ओरडले, “अहो ऐकलं का, चहा टाका!”

त्यानंतर वर्षाच्या आतच काका गेले. हाताने नाही, हृदयाने. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, ते खुर्चीत आणि तलवार घडवंचीवर. काकू आत झोपल्याचं सोंग करत पडल्या होत्या. नेहमीचा आवाज आज का येत नाही म्हणून उठून बाहेर आल्या. अंत्यविधीला कालव्यावरची म्हातारी मंडळी आली, पांढरे सदरे घालून. अंकल शेवटपर्यंत मागच्या रांगेत उभे होते.

खंडेनवमीला दारावर टकटक झाली. अंकल हिरव्या कुएंचा डबा घेऊन उभे. त्यांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती. वर्षाच्या आत घरात सण नसतो हे त्यांना कोण सांगणार? काकूंनी सांगितलं, “दिस इयर नो पूजा.” अंकलनी मान हलवली, डबा तरीही दिला. पूजा नाही म्हटल्यावर त्यांना उभं कुठे राहावं ते कळेना. शेवटी टीव्हीसमोर उभे राहिले.

काकांनी शेवटची ठेवली तशीच ती होती. होडी. काकू तिच्या आजूबाजूची धूळ पुसत, तिला हात लावत नसत.

“आता न्या,” काकू म्हणाल्या. “मला बघवत नाही, आणि टाकवतही नाही.”

अंकलचा हात सवयीने तिला उलटी करायला पुढे झाला आणि मधेच थांबला. त्यांनी ती होती तशीच, घडवंचीसकट, तान्हं मूल पाळण्यासकट उचलावं तशी उचलली. दार मी धरून ठेवलं.

परवा काकूंनी लाडू दिले होते ते पोचवायला मी अंकलकडे गेले. भिंतीवर आईचा फोटो, समोर उदबत्ती आणि संत्री. आणि त्याच्याच खाली, फोटोला नीट दिसेल अशी, ती तलवार. मी काही विचारण्याआधीच अंकल म्हणाले, “आईला सांगितलं. म्हटलं, हिच्यावर लाल कुंकू आहे, बघ. ही आता जपानी राहिली नाही, इंडियन झाली. काही बोलली नाही. म्हणजे कॅन, चालेल.”

तलवार अजून होडीच होती.

“अंकल, ही उलटी आहे,” मी म्हटलं.

“माहीत आहे. शनिवारच्या वर्गातले लोक येतात, तेही हेच सांगतात. मी रोज सकाळी इथे उभा राहतो आणि म्हणतो, मिस्टर सरळ, रॉंग लाह.”

“मग सुलटी का नाही करत?”

त्यांनी लाडवाचा डबा उघडला, वास घेतला, आणि विद्यार्थ्याने फारच सोपा प्रश्न विचारावा तसं माझ्याकडे पाहिलं.

“सुलटी केली, तर उद्या सकाळी भांडू कशावरून?”